इंटरनेटची बाळबोध पुस्तके

कोणतेही नवे यंत्र समाजात आले म्हणजे ते वापरण्याची विद्या शिकविणारी पुस्तके त्याच्या पाठोपाठ येतात. शिवणयंत्र, कॅमेरा, रेडिओ ह्या सर्वांच्या बाबतीत असेच घडले. यंत्राची माहितीपुस्तिका यंत्राच्या पेटीतच असे; पेटी उघडली की ती हाती येई. इंटरनेटच्या बाबतीत मात्र एक विचित्र अडचण होती. ते कसे वापरावे हे सांगणारी चांगली पुस्तके लिहिली गेली होती, त्यांतली पुष्कळशी फुकटही होती. पण ती ठेवलेली होती इंटरनेटवरच. किल्ली कुलपाच्या आतल्या खोलीत राहावी, तसा हा प्रकार. १९७२ पासून १९९५ पर्यंत नवशिक्यांसाठी जे लेखन झाले, त्याचा इतिहास म्हणजे बव्हंशी ही किल्ली दाराबाहेर आणण्याच्या खटपटीचा इतिहास होय.

आजच्या वाचकाला ह्या अडचणीची कल्पना सहजासहजी यावयाची नाही. पडद्यावरील चित्राला बोट लावले की पान उघडते, हे आज लहान मुलालाही ठाऊक आहे. त्या काळी विद्यापीठांतील संगणकांच्या पडद्यांवर बहुधा चित्रे नसत. रिकाम्या पडद्यावर एक-दोन अक्षरांची खूण आणि तिच्यापुढे लुकलुकणारी लहानशी रेघ, एवढेच दिसे. त्या रेघेच्या जागी काय टंकावयाचे, हे माणसाला आधीच माहीत असावे लागे. चुकीचा शब्द टंकला तर यंत्र एका ओळीत नकार देई. बरोबर शब्द कोणता, हे ते सांगत नसे.

जाणत्यांचे जाळे

इंटरनेटचे मूळ आर्पानेट ह्या जाळ्यात आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशातून उभारलेल्या ह्या जाळ्यावरून पहिला संदेश २९ ऑक्टोबर १९६९ रोजी लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातून स्टॅनफर्ड संशोधन संस्थेकडे गेला. 'लॉगिन' हा शब्द पाठवावयाचा होता. त्याची 'एल' आणि 'ओ' ही दोन अक्षरे पोचली आणि पलीकडचे यंत्र बंद पडले. जाळ्यावरचे पहिले लिखाण त्याहूनही सहा महिने आधीचे आहे. ७ एप्रिल १९६९ रोजी स्टीव्ह क्रॉकर ह्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने एक टिपण तयार करून सहकाऱ्यांत वाटले आणि अशा टिपणांच्या मालिकेला 'अभिप्रायार्थ विनंती' असे नम्र नाव दिले. नियम घालून देण्याचा अधिकार ह्या विद्यार्थ्यांना कोणी दिला, असा प्रश्न कोणाच्या मनात येऊ नये, हा त्यातला हेतू. इंग्रजी आद्याक्षरांवरून ही टिपणे 'आरएफसी' म्हणून ओळखली जातात. मालिका अद्याप चालू असून तिचे क्रमांक नऊ हजारांच्या पुढे गेले आहेत. परंतु ही टिपणे जाळे बांधणाऱ्यांनी बांधणाऱ्यांसाठी लिहिली होती. परक्या माणसाला त्यांतून वाट सापडणे कठीण होते.

परक्यांसाठी पहिली उल्लेखनीय पुस्तिका १९७२ साली निघाली, तीही गरजेपोटी. त्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये वॉशिंग्टन येथे संगणक-संपर्कावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि तेथे आर्पानेट प्रथमच लोकांसमोर चालवून दाखवावयाचे ठरले. आलेल्या पाहुण्यांनी यंत्रांपुढे बसून करावयाचे काय? हे सांगण्याचे काम बॉब मेटकाफ ह्या तरुणाकडे आले. पुढे 'इथरनेट' ह्या योजनेचा जनक म्हणून प्रसिद्धी पावलेला तो हाच. त्याच्या पुस्तिकेत निरनिराळे प्रसंग कल्पिले होते. अमक्या गावच्या यंत्राशी बोलावयाचे असेल तर आधी हे टंका, मग यंत्र असे उत्तर देईल, मग हे टंका, अशी ती रीत. तत्त्व, रचना, इतिहास ह्यांना त्यात फाटा होता. पोहणे शिकविणाऱ्याने पाण्याचे रसायनशास्त्र न सांगता शिष्याच्या पोटाखाली हात धरावा, त्यातलाच हा प्रकार; आणि पुढच्या काळातील चांगल्या पुस्तकांतही हीच पद्धत आढळते.

ह्याच परिषदेच्या निमित्ताने स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत एलिझाबेथ फाइनलर ह्यांनी जाळ्यावरील साधनांची सूचि तयार करण्याचे काम हाती घेतले. कोणत्या संस्थेत कोणता संगणक आहे, त्यावर काय उपलब्ध आहे, विचारपूस कोणाकडे करावी, हे त्या सूचीत असे. पुढे त्यांच्या नेतृत्वाखाली तेथील माहिती-केंद्राने अनेक वर्षे सूचि, नामावळ्या आणि दूरध्वनीवरील शंकासमाधान अशी तिहेरी सेवा केली. त्या काळात ह्या केंद्राचा दूरध्वनी क्रमांक हाच नवशिक्याचा सर्वांत उपयुक्त ग्रंथ होता, असे म्हणावयास हरकत नाही.

दाराशी गर्दी

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने १९८० नंतरच्या दशकात विद्यापीठांना जोडणारे आपले जाळे उभारले आणि चित्र पालटले. १९८९ साली इंटरनेटला जोडलेल्या संगणकांची संख्या १ लाखावर गेली. १९९२ साली ती १० लाखांवर पोचली. आता यंत्रापुढे बसणारा माणूस रसायनशास्त्राचा प्राध्यापक असे, इतिहासाचा विद्यार्थी असे, ग्रंथपाल असे. दूरध्वनीवर एकेकाला समजावून सांगणे अशक्य झाले.

इलिनॉय विद्यापीठातील एड क्रॉल ह्याने १९८७ साली अशा लोकांसाठी एक मार्गदर्शिका लिहिली. सप्टेंबर १९८९ मध्ये ती आरएफसी मालिकेत १११८ ह्या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. माहिती कशी मिळवावी, ह्याबरोबर जाळ्यावर चांगला शेजारी म्हणून कसे राहावे, हेही तिच्यात सांगितले होते. मार्च १९९० मध्ये ह्याच मालिकेत 'आपल्या माहितीसाठी' नावाची उपमालिका काढण्यात आली आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तिच्यात नवशिक्यांच्या नेहमीच्या प्रश्नांची उत्तरे आली. जानेवारी १९९३ मध्ये शब्दकोशही निघाला. तो फार आवश्यक होता, कारण जाणत्यांची भाषा आद्याक्षरांनी इतकी गजबजली होती की, एका शब्दाचा अर्थ सांगताना दुसरी तीन आद्याक्षरे मध्ये येत.

नेहमीचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे एकत्र लिहून ठेवण्याची ही प्रथा यूजनेट ह्या सार्वजनिक पत्रव्यवहाराच्या व्यवस्थेवर विशेष फोफावली. दर वर्षी सप्टेंबरात अमेरिकन महाविद्यालयांत नवे विद्यार्थी येत आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारीत. जुनी मंडळी वैतागत. मॅसॅच्युसेट्स तंत्रशास्त्र संस्थेतील ज्या संगणकावर ह्या प्रश्नोत्तरांचा मोठा साठा होता, त्याचे नाव होते 'आरटीएफएम'. 'आधी पुस्तक वाचा' अशा अर्थाच्या इंग्रजी वाक्याची ही आद्याक्षरे. मधले एक अक्षर शिवीचे आहे. शिकवू पाहणाऱ्याचा औदार्यभाव आणि त्याची चिडचिड, दोन्ही एका नावात सामावली होती.

एक फाइल आणावयाची

नवशिक्याला नेमके काय शिकावे लागे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. दूरच्या विद्यापीठातील संगणकावर एक मार्गदर्शिका ठेवलेली आहे आणि ती आपल्या यंत्रावर आणावयाची आहे, असे समजू. ह्यासाठी 'एफटीपी' नावाची आज्ञावली वापरीत. एफटीपी हा शब्द आणि त्यापुढे दूरच्या यंत्राचे पूर्ण नाव टंकले की ते यंत्र आगंतुकाचे नाव विचारी. आगंतुकाचे तेथे खाते नसे. म्हणून त्याने 'ॲनॉनिमस', म्हणजे 'अनामिक', असे उत्तर द्यावयाचे. मग यंत्र परवलीचा शब्द विचारी. येथे आपला ई-मेलचा पत्ता द्यावा, हा शिष्टाचार होता: कुलूप नाही, पण दाराशी वही ठेवलेली आहे, तिच्यात नाव लिहून आत यावे. हा पत्ता टंकताना पडद्यावर एकही अक्षर उमटत नसे. कळफलक बिघडला असे वाटून कित्येक नवशिके येथेच थांबत. परवलीचा शब्द कोणाच्या दृष्टीस पडू नये म्हणून यंत्र तो दाखवीत नाही, हे एक वाक्य ज्या पुस्तकात असे, त्याची किंमत येथे कळे.

आत गेल्यावर फाइलींची यादी मागवावयाची, योग्य खणात शिरावयाचे आणि 'गेट' ही आज्ञा देऊन फाइल मागावयाची. पुष्कळशा यंत्रांवर मोठी आणि लहान लिपी भिन्न मानली जाई. रोमन लिपीतील ह्या भेदाची सवय नसलेल्या माणसाला हे विशेष जाचक. देवनागरीला तर असा भेदच नाही. ह्या भेदाचा एक फायदा मात्र चतुर लोकांनी करून घेतला होता. यंत्राच्या वर्णक्रमात मोठी अक्षरे लहान अक्षरांच्या आधी येतात. म्हणून 'रीडमी', म्हणजे 'मला वाचा', हे नाव सबंध मोठ्या अक्षरांत लिहीत. बाकीची नावे लहान लिपीत असली की ती फाइल आपोआप यादीच्या माथ्यावर येई.

सर्वांत मोठा सापळा पुढेच होता. फाइली दोन प्रकारे पाठविता येत. साधा मजकूर पाठविताना निरनिराळ्या यंत्रांच्या सवयींप्रमाणे ओळींच्या शेवटच्या खुणा बदलून घेणे सोयीचे असे. चित्र, आज्ञावली किंवा आकुंचित केलेली फाइल ह्यांत मात्र एक खूणही बदलून चालत नाही. 'बायनरी' हा शब्द आधी टंकला नाही, तर तासभर चाललेली आयात संपे, फाइल दिसावयास पूर्ण दिसे आणि उघडावयास गेले की कचरा हाती येई. चूक कोठे झाली, ह्याचा पडद्यावर मागमूस नसे. जवळपास जाणता माणूस नसेल तर नवशिका हे शास्त्र आपल्यासाठी नव्हे असे समजून उठून जाई. ह्याच ठिकाणी थांबून सावध करणारे पुस्तक चांगले, न करणारे वाईट, अशी परीक्षा करावयास हरकत नव्हती.

फाइल कोणत्या यंत्रावर आहे हेच ठाऊक नसेल तर काय करावे? १९९० साली माँट्रियल येथील मॅक्‌गिल विद्यापीठात ॲलन एम्टेज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'आर्ची' नावाचा शोधक तयार केला. तो निरनिराळ्या यंत्रांवरील फाइलींच्या नावांच्या याद्या गोळा करून ठेवी. आत काय लिहिले आहे हे त्याला कळत नसे, फक्त नाव कळे. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठातून 'गोफर' आला. त्याने आज्ञा टंकण्याची कटकटच दूर केली: पडद्यावर क्रमांकांनी यादी येई, त्यांतला एक निवडला की पुढची यादी किंवा मजकूर. शिकविण्याच्या दृष्टीने ही मोठी सुधारणा होती. पुस्तकात जे सांगावे लागे त्याचा काही भाग आता पडदाच सांगू लागला.

छापील कागदाचे साहाय्य

जानेवारी १९९२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील वाइडनर विद्यापीठाचा विद्यार्थी ब्रेंडन किहो ह्याने नवशिक्यांसाठी एक मार्गदर्शिका लिहून जाळ्यावर सर्वांना फुकट उपलब्ध करून दिली. ती सुबोध होती, लहान होती, आणि लेखक स्वतः नुकताच ह्या वाटेने गेलेला असल्यामुळे ठेचा कोठे लागतात हे त्याच्या ध्यानात होते. पण ती मिळवावयाची कशी? एफटीपीने. फाइल आकुंचित स्वरूपात. म्हणजे आधी 'बायनरी', नंतर ती उलगडण्याच्या दोन आज्ञा, आणि मग ती कागदावर उतरविणारा विशिष्ट प्रकारचा मुद्रक. एवढे ज्याला जमले, त्याला त्या पुस्तकाची गरज पुष्कळशी संपलेली असे! त्याच वर्षी एका व्यापारी प्रकाशकाने ही मार्गदर्शिका पुस्तकरूपाने छापली आणि ती दुकानांत व ग्रंथालयांत पोचली.

सप्टेंबर १९९२ मध्ये एड क्रॉलचे मोठे पुस्तक 'द होल इंटरनेट' ओरायली ह्या प्रकाशन-संस्थेने काढले. पूर्वार्धात रीत, उत्तरार्धात विषयवार पत्त्यांची सूचि, अशी त्याची रचना होती. शेतकीपासून हवामानापर्यंत कोणती माहिती कोणत्या यंत्रावर आहे, हे घरी बसून पाने उलटीत पाहता येऊ लागले. जिनिव्हाजवळील सर्न ह्या संस्थेत टिम बर्नर्स-ली ह्याने रचलेल्या 'वर्ल्ड वाइड वेब'लाही त्यात एक प्रकरण होते. बाकीच्या अनेक साधनांपैकी ते एक साधन, एवढेच त्याचे स्थान.

ग्रंथपालांचा वाटा विसरता कामा नये. न्यूयॉर्क राज्यातील ग्रंथपाल जीन आर्मर पॉली ह्यांनी जून १९९२ मध्ये ग्रंथालय-व्यवसायाच्या एका नियतकालिकात इंटरनेटची ओळख करून देणारा लेख लिहिला. लाटांवर फळीने घसरत जाण्याचा जो खेळ आहे, त्याचे नाव त्यांनी ह्या भटकंतीला दिले आणि ते इंग्रजीत रूढ होण्यास त्या लेखाने मोठा हातभार लावला. लेखाचा रोख व्यावहारिक होता: ग्रंथालयात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांना ह्या जाळ्यावरून उत्तर कसे मिळते, हे त्यात दाखविले होते. ज्याच्या घरी यंत्र नाही आणि जो विद्यापीठातही नाही, त्याला ह्या दारातून आत घेणारी जागा सार्वजनिक ग्रंथालय हीच होती.

पत्राने येणारे पुस्तक

किल्ली बाहेर आणण्याचा आणखी एक मार्ग निघाला आणि तो भारतासारख्या देशांच्या विशेष उपयोगी पडला. पुष्कळ संस्थांना जाळ्याची पूर्ण जोडणी परवडत नसे. त्यांचे संगणक ठराविक वेळी दूरध्वनी लावून फक्त ई-मेलची देवघेव करीत. अशांसाठी पत्राने चालणारे नोकर-संगणक उभे राहिले. पत्रात नेहमीचा मायना न लिहिता आज्ञा लिहावयाच्या: अमक्या यंत्राशी जोड, अमकी फाइल आण. नोकर-संगणक ते काम करी आणि फाइल पत्रानेच परत पाठवी. मोठी फाइल तुकड्यांनी येई. ते क्रमाने जोडून, मध्ये आलेला पत्रांचा मथळा काढून टाकून, पुन्हा मूळ रूपात आणावे लागत. काम किचकट, पण एकदा जमले की जगातील कोठलीही फाइल ई-मेलच्या टप्प्यात येई. बॉब रँकिन ह्याने १९९४ साली ह्या पद्धतीवर मार्गदर्शिका लिहिली. तिची मौज अशी की, मॅसॅच्युसेट्सच्या वर उल्लेखिलेल्या यंत्राला एका ओळीचे पत्र पाठविले की ती स्वतःच पत्राने येई. त्याच वर्षी अलाबामा विद्यापीठाच्या पॅट्रिक क्रिस्पेन ह्या विद्यार्थ्याने इंटरनेटचे धडे एकेक करून ई-मेलने पाठविण्याचा वर्ग चालविला आणि देशोदेशींच्या हजारो लोकांनी त्यात नाव घातले.

भारतात १९८६ साली केंद्र शासनाच्या इलेक्ट्रॉनिकी विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने 'अर्नेट' ही योजना हाती घेतली. तिच्यात पाच आयआयटी, बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था आणि मुंबईतील जुहू येथील एनसीएसटी ही संस्था होत्या. परदेशांशी होणारा पत्रव्यवहार जुहूच्या केंद्रातून जाई. अर्थात ही सोय संशोधकांपुरतीच होती. सर्वसामान्य नागरिकाला इंटरनेट मिळाले १५ ऑगस्ट १९९५ रोजी, विदेश संचार निगमाने आपली सेवा सुरू केली तेव्हा.

पाश्चात्त्य देशांत ह्या सुमारास चित्रमय पडदे रूढ झाले होते. १९९३ साली इलिनॉय येथे 'मोझेक' ही आज्ञावली तयार झाली. तिच्यात शब्दावर खूण करून माऊसची कळ दाबली की नवे पान उघडे. भारतातील विद्यार्थ्यांना मिळणारे स्वस्त खाते मात्र केवळ अक्षरांचे होते. मोडेमची किणकिण थांबली की पडद्यावर अक्षरांची यादी येई आणि पुढचा प्रवास कळफलकानेच करावयाचा. वेबची पाने पाहण्यासाठी कॅन्सस विद्यापीठात तयार झालेले 'लिंक्स' होते. बाणांच्या कळांनी त्यात दुव्यावरून दुव्यावर जाता येई. चित्राच्या जागी कंसात एक शब्द दिसे. पत्रांसाठी वॉशिंग्टन विद्यापीठाचे 'पाइन' होते. त्याच्या पडद्याच्या तळच्या दोन ओळींत त्या घटकेला कोणती कळ दाबता येईल आणि तिने काय होईल, हे सदैव लिहिलेले असे. नवशिक्यांसाठी लिहिलेल्या सगळ्या साहित्यात ह्या दोन ओळींना मानाचे स्थान दिले पाहिजे: पुस्तक आणि यंत्र ह्यांतील अंतर त्यांनी बोटभर करून टाकले.

ह्या सगळ्या सामग्रीत मराठी वाचकाची एक उणीव राहून गेली होती. ई-मेलची मूळ व्यवस्था १२८ चिन्हांच्या संचावर उभी होती आणि त्यात इंग्रजीची अक्षरे, अंक व विरामचिन्हे एवढ्यांनाच जागा होती. देवनागरीतील पत्र जसेच्या तसे पाठविणे शक्य नव्हते. परदेशांतील मराठी मंडळी यूजनेटवर मराठी लिहीत, पण रोमन अक्षरांत. अविनाश चोपडे ह्यांच्या 'आयट्रान्स' ह्या आज्ञावलीने रोमन अक्षरांत टंकलेला मजकूर देवनागरीत छापून घेण्याची सोय केली. भारतीय लिपींसाठी 'इस्की' हे भारतीय मानक १९९१ साली प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी निघालेल्या 'युनिकोड' ह्या जागतिक संचाच्या पहिल्या आवृत्तीतही देवनागरी होती. परंतु तक्त्यात अक्षराला क्रमांक मिळणे आणि ते घरच्या पडद्यावर उमटणे ह्यांत काही वर्षांचे अंतर पडले. विंडोज २००० ह्या आज्ञाप्रणालीत देवनागरीची व्यवस्था आली, तेव्हा कोठे सामान्य संगणकावर मराठी वाचता-लिहिता येण्याचा मार्ग खुला झाला. तोवर इंटरनेट कसे वापरावे हे मराठीत सांगणारे लेखन बहुधा कागदावर छापावे लागे किंवा तोंडी सांगावे लागे; जाळ्यावरून ते देवनागरीत सहजासहजी पाठविता येत नसे. २००३ साली मराठी विकिपीडिया सुरू झाला. देवनागरीत टंकावे कसे, हे नवशिक्याला समजावून सांगणारी साहाय्यपृष्ठे आज तेथे देवनागरीतच लिहिलेली आहेत.